वरवंट्यावर बसलेली कवडी

"अगं ऊठ की भवाने! एवढं काय दडवून ठेवलंयस पोटाखाली?"

मी कवडीला दोन्ही हातांनी उचललं आणि बघते तर काय, खाली वरवंटा! अंडं नाही, पिल्लू नाही. चांगला वीतभर लांब, काळाकुळकुळीत दगडी वरवंटा, आणि तोही तिच्या उबेनं कोमट झालेला. कवडीनं माझ्या मनगटाला एक टोच मारली, अंगावरची सगळी पिसं फुलवली आणि खुडुक खुडुक करत परत जाऊन त्याच्यावरच बसली.

मी कपाळाला हात लावला. घरात कोंबडी म्हणून एकच, आणि ती खुडूक झाली होती, उबवायला बसली होती.

चाळीस वर्षं होऊन गेली ह्याला. वैशाखाचा महिना होता. वारणेकाठच्या आमच्या वाडीत त्या दिवसांत कोंबडीखाली अंडी बसवत नाहीत, उकाड्यानं नासतात. आणि बसवायला माझ्याजवळ अंडी होती कुठं? आठ दिवसांपासून तिनं घालायचंच बंद केलं होतं. खायचीही नाही धड. नुसती डोळे लावून त्या दगडावर बसलेली.

मला ते अंडं हवं होतं हो. लाज कसली सांगायला? मला दिवस गेले होते, तिसरा महिना लागला होता. सकाळी पाणी प्यायलं तरी पोटात ठरायचं नाही. भाकरीचा वास नको, फोडणीचा वास नको, नवऱ्याच्या बिडीचा तर मुळीच नको. ठरायचं ते एक उकडलेलं अंडं, तेवढंच. आणि गंमत बघा, माझं माहेर माळकरी. लग्नापर्यंत मी अंड्याला हात लावला नव्हता. कोंबडी कुठल्या बाजूनं ओरडते हेसुद्धा मला सासरी आल्यावर कळलं.

ते सगळं शिकवलं आक्कानं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गिरजाबाई. मी आठ वर्षांची असताना माझी आई गेली. एकोणिसाव्या वर्षी ह्या घरात आले तेव्हा मला धड नऊवारी नेसता येत नव्हती. आक्का माझ्याभोवती गुडघ्यावर बसून निऱ्या घालायची आणि तोंडानं चालूच, "सरळ उभी ऱ्हा की गं, काय वाळली शेंग हाईस!" शनिवारी न्हायला घालायची. भाकरी तव्यावर फुगली नाही की ती आपण खायची आणि फुगलेली मला द्यायची. तर ही दिवस गेल्याची बातमी जगात सगळ्यांत आधी कुणाला सांगायची असेल, तर तिला. नवऱ्यालासुद्धा नंतर.

आणि तिच्याशीच माझं सहा महिने बोलणं नव्हतं.

कारण ऐकाल तर हसाल. दिवाळीनंतर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण नाही, तंटा नाही, अगदी गोडीगुलाबीनं. गावची दोन म्हातारी माणसं मध्ये बसली आणि घरातलं सगळं सामान अंगणात मांडून "एक थोरल्याला, एक धाकट्याला" अशी वाटणी सुरू झाली. चौघेही पुरुष. जन्मात कधी चटणी न वाटलेले! पाटा गेला थोरल्याकडं आणि वरवंटा आला आमच्याकडं. खुराडा त्यांना, कोंबडा आम्हाला. ढवळी कोंबडी त्यांची, कवडी आमची. तिन्हीसांजेला कवडी तिकडच्या खुराड्यात शिरायची आणि आमचा कोंबडा छपरावर बसून बोंब मारायचा.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी जावा पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "हौसे, वरवंटा दे हिकडं. तुला त्यो काय करायचाय नुसता?"

मी म्हटलं, "मग पाटाच द्या की तुम्ही. तुम्हाला तरी नुसता काय करायचाय?"

"अगं, मी थोरली हाय. माझ्या सासूचा पाटा त्यो."

"वरवंटाबी त्यांचाच की."

"लई शिकलीस गं बोलाया! काल निऱ्या घालाया येत नव्हत्या..."

आणि इथं माझी जीभ घसरली. "सारखं काय काढताय ते? तुम्ही काय माझी आई लागून गेलाय?"

आक्काचं तोंड असं उतरलं की मला त्याच क्षणी जीभ उपटून टाकावीशी वाटली. पण ती पाठ फिरवून आत गेली, आणि मी वरवंटा उराशी धरून तशीच उभी राहिले. पुढच्या आठवड्यात परसात मधोमध छातीएवढं भिताड उठलं. चूक माझी, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण रोज सकाळी ठरवायचं की आज बोलायचं, आणि तिची पाठ दिसली की जीभ टाळूला चिकटायची. तीही तशीच आडमुठी. भिताडाच्या अल्याड मी खलबत्त्यात चटणी कुटायची, पल्याड ती तांब्याच्या बुडानं पाट्यावर रगडायची. ठणाठणा आवाज यायचा.

तर कवडी खुडूक झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पारूबाई नावाची म्हातारी राहायची, तिला विचारलं. ती म्हणाली, "खुडूक मोडाय पायजे, बाई. तिचंच एक पीस उपट आन् घाल नाकातनं आरपार. चार दिसांत उठती बग."

"आणि दुसरं काही नाही?"

"मग बुचकळ गार पाण्यात."

नाकात पीस मला जमेना. मी घंगाळात पाणी घेतलं, कवडीला काखेत मारलं आणि तांब्यातांब्यानं तिच्या डोक्यावर ओतायला लागले. कवडीनं असा आकांत मांडला की गल्लीतली कुत्री उभी राहिली. तेवढ्यात भिताडापलीकडून आवाज आला.

"आता गं बया! कवडे, कुणाच्या तावडीत घावलीस गं? आंगूळ घालती का जीव घेती? अगं, डोसकं न्हवं, पोट गार करायचं असतंय पोट!"

सहा महिन्यांनी तो आवाज ऐकला. माझ्या हातातला तांब्या घंगाळात पडला. पण ती माझ्याशी बोलली नव्हती, कवडीशी बोलली होती. लेकी बोले सुने लागे, ही चाल काय आम्हाला नवीन आहे का? मीही कवडीकडंच तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "ज्याला एवढं कळतंय त्यानं येऊन करावं म्हणावं, कवडे. उगं भिताडाआडनं शाणपण शिकवू नये."

"कवडे, आमाला कुणी बलिवलं तर यिऊ न्हवं."

"कवडे, आपल्या माणसाला काय आवतान धाडावं लागतंय?"

मग पलीकडून आवाज आला, बारीक झालेला. "पोटापतोर बुडीव म्हणावं. तीनदा. आन् मग बाजंवर डालग्याखाली ठीव. खाली गवात न्हाई, पोतं न्हाई. सुंभाच्या भोकातनं वारं लागलं की पोटाची ऊब मोडती."

मी तसंच केलं. भिताडाच्या सावलीला बाज टाकली, सुंभावर कवडीला ठेवलं आणि वरून बांबूचं डालगं झाकलं. वरवंटा उचलून आत कणगीमागं लपवला. दुपारी जेवून जरा आडवी झाले, चारला उठून डालगं उचलते तर कवडी तशीच फुगून बसलेली, आणि तिच्या पोटाखाली अंडं!

"आलं गं बाई आलं! गुण आला!" मी एकटीच नाचायला लागले. "कवडे, अंडं घातलंस गं माझे राणी!"

"व्हय का?" पलीकडून आवाज. "मग खायाला सांग तुझ्या धनिणीला, कवडे. आजच्या आज. नवऱ्याला घालू नगं म्हणावं, तो काय वाळलेला न्हाई."

मी ते उकडून खाल्लं आणि ते पोटात ठरलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला डुलकी शांत लागली.

पण कवडी उठेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंगाळ, पुन्हा तीन बुडक्या, पुन्हा बाज. चारला पुन्हा अंडं, आणि अंड्यावर कवडी खुडुक खुडुक करत बसलेलीच. मला वाटलं अर्धा गुण आलाय, अर्धा राहिलाय. अंडं पांढरं यायला लागलं होतं, आधीचं तांबूस असायचं. म्हटलं, आजारपणात माणसाचा रंग उतरतो, तसं हिच्या अंड्याचंही झालं असेल. हसू नका. माळकऱ्याच्या लेकीला काय कळणार?

रोज असं चाललं आठ-नऊ दिवस. रोज मी कवडीला शिव्या द्यायची आणि रोज भिताडापलीकडून उत्तर यायचं. खरं सांगू? सकाळी उठताना माझ्या मनात पहिलं यायचं ते हे की कवडी अजून खुडूक असू दे रे देवा. पायाला लाल चिंधी बांध म्हणाली, बांधली. कोंबड्याबरोबर मोकळी सोड म्हणाली, सोडली. कवडीनं कोंबड्याला असं पळवलं की तो दोन दिवस छपरावरून उतरला नाही. पारूबाईचा नाकातल्या पिसाचा उपाय मी मुद्दाम मोठ्यानं कवडीला सांगितला, तर पलीकडून कडाडली, "मुक्या जिवाच्या नाकात पीस घालंल त्येचा हात झडंल!" मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

मधूनच ती काहीबाही सांगायची, ते मात्र मला तेव्हा उमगायचं नाही. एकदा म्हणाली, "कवडे, पपईच्या झाडाखाली जाऊ नगंस हां. एक फोड म्हणून खाऊ नगंस." मला वाटलं खरंच, उष्ण पडत असेल कोंबडीला. पिकलेली पपई होती घरात, ती मी उचलून शेजारी दिली. आणि एकदा मी नदीवरून दोन घागरी घेऊन आले तर भिताडापलीकडून धुसफूस, "कवडे, दोन दोन घागरी उचलाया तुझ्या बापानं सांगितलंय का गं?"

मी कवडीकडं बघितलं. कवडी बाजेवर डोळे मिटून बसली होती. म्हटलं, म्हातारपण लवकर आलं वाटतं आक्काला. म्हातारपण कसलं, पस्तीस-छत्तिशीची होती तेव्हा.

दहाव्या दिवशी पारूबाई तंबाखू मागायला आली. म्हणाली, "काय, उठली का तुझी कोंबडी?"

"नाही हो. पण अंडं देतीय रोज. बसते पण, देते पण."

पारूबाईनं तंबाखू मळायचं थांबवलं. "काय म्हंतीस?"

"रोज दुपारी एक. पांढरंधोप."

म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला. "अगं येडे! खुडूक कोंबडी कधी अंडं घालती व्हय? अंडं घालायचं थांबती तवाच तर तिला खुडूक म्हंत्यात! आन् त्यात रोज पोटाखाली अंडं घावल्यावर ती कशाला उठंल? तुझ्या कोंबडीला कोण तरी बसवून ऱ्हायलंय, बाई." आणि डोळे पुसत, तंबाखू तोंडात टाकत ती गेली.

मी तशीच उभी. पांढरं अंडं. वाडीत पांढरं अंडं घालणारी कोंबडी एकच, ढवळी.

त्या दुपारी मी जेवले आणि आडवी झालेच नाही. दार लोटल्याचा आवाज केला आणि परसात येऊन बाजेच्या कडेला, भिताडाला पाठ लावून उकिडवी बसले. ऊन रणरणत होतं. कवडी डालग्यात खुडखुडत होती. बऱ्याच वेळानं पलीकडं पावलं वाजली, सावकाश, चोरासारखी. भिताडावरून एक हात आला. मनगटात हिरव्या बांगड्या, कोपरापाशी भाजल्याचा जुना डाग. हातानं डालगं हलकेच उचललं. मग दुसरा हात आला, त्यात अंडं.

मी उठले आणि तो हात मनगटाशी गच्च धरला.

पलीकडं "अगं आई गं!" झालं. भिताडावरून आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. माझ्या मुठीत तिचं मनगट, तिच्या मुठीत अंडं, मध्ये कवडी. हात कुणी सोडवून घेईना, कुणी सोडेना.

बोलायचं कुणी? मी कवडीकडं बघितलं. "कवडे," मी म्हटलं, "ह्या चोराला विचार, हे काय चाललंय."

आक्कानंही कवडीकडं बघितलं. "कवडे, चोर घेऊन जात्यात, ठिऊन जात न्हाईत, एवढं तिला सांग. आन् हात सोड म्हणावं, अंडं फुटंल."

"कवडे, आधी खरं सांगायला लाव."

"कवडे, खरं ज्येनं त्येनं आपलं आधी सांगावं. तीन महिनं झालं, काय सांगितलं न्हाई कुणी आमाला."

मी कवडीकडंच बघत राहिले. आणि कवडीला काय वाटलं कोण जाणे, ती बाजेवर उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून उभी राहिली. अंग झाडलं. उचललेल्या डालग्याखालून मान बाहेर काढली, बाजेवरून टुणकन खाली उडी मारली आणि पायातली लाल चिंधी फरफटवत, आम्हा दोघींकडं वळूनही न बघता, उकिरड्याकडं निघून गेली.

आता मध्ये कुणीच उरलं नाही. रिकामी बाज आणि आम्ही दोघी.

आक्का माझ्याकडं बघत होती. तिला हसू येतंय की रडू ते कळत नव्हतं. शेवटी तीच बोलली, सरळ माझ्या तोंडाकडं बघून.

"तिसरा सरत आला न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं म्हणता! मनगट धरलेलं तसंच, तिच्या हातावर तोंड ठेवून मी हमसून हमसून रडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हंती! रोज पहाटंचं भिताडाला टेकून वकतीयास. मला काय कान न्हाईत? दोन पोरं मी काय झाडाची तोडून आणली?" तिनं डालगं सोडलं आणि त्या मोकळ्या हातानं माझे डोळे पुसले, पदर न घेता, रांगड्या तळव्यानंच. "सरळ दिलं असतं तर घेतलं असतंस का गं तू? तुझं त्वांड मला म्हाईत न्हाई? म्हणून त्या बिचाऱ्या कोंबडीच्या पोटाखाली ठेवावं लागलं. माझ्यापायी तीबी उठंना."

"आक्का, मी त्या दिवशी जे बोलले..."

"ते काय खोटं हुतं? आई लागत न्हाईच मी तुझी." ती थांबली. "पर तुला बाळंतपणाला माहेर कुठलं? आई असती तर तिथं गेली असतीस. आता हितंच माझ्या घरात व्हायचं. ठरलंय माझं. महिपतीला सांग, काय बोलायचं आसंल ते मला येऊन बोल म्हणावं."

महिपती म्हणजे आमचे मालक. त्यांची काय बिशाद होती बोलायची!

मी नाक ओढत हसले. आक्कानं अंडं माझ्या हातात दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि लगेच तिचा जुना सूर लागला. "बगत काय बसलीयास? वरवंटा आण जा. नुसत्या अंड्यावर किती दिस काढशील? कैरीची चटणी वाटती तुला, आंबट खाऊशी वाटत आसंल."

मी धावतच आत गेले आणि कणगीमागचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला. भिताडावरून देताना ती ओरडलीच, "हळू गं, जड हाय! दोन जिवाची हाईस न्हवं?" पण घेताना तिनं तो पोराला घ्यावं तसा छातीशी धरला.

कवडी तीन-चार दिवसांत पूर्ववत झाली. पंधरवड्यानं तांबूस अंडं घातलं. कार्तिकात मला मुलगी झाली, आक्काच्या माजघरात, आक्काच्याच हातावर. तिचं नाव पाळण्यात काहीही ठेवलेलं असो, आक्का तिला आयुष्यभर कवडीच म्हणायची.

भिताड पुढं पावसानं आपोआप खचलं, कुणी पुन्हा बांधलं नाही. पाटा आणि वरवंटा मात्र एका घरात आणायचं आम्ही कधीच मनावर घेतलं नाही. दोघा भावांनी कितीदा सांगितलं. आम्ही म्हटलं, पंचांनी केलेली वाटणी आहे, मोडायची कशाला? पाटा तिच्याकडं राहिला, वरवंटा माझ्याकडं. घरात मिक्सर आले, सुना आल्या. तरी रोज सकाळी अकराच्या सुमाराला मी वरवंटा पदराखाली घेऊन तिच्या दारात जायची. गेल्या पौषात आक्का गेली, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.